वडाखालचा बाजार आणि परसातला साग

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या मूल गावात दोन पूजा पाहण्यासारख्या असतात. पहिली तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या गादीवरची. नवी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी तराजू आणि नव्या धानाची ओंजळ. आता हिशेब संगणकात असतो खरा, पण संगणकाला कुंकू कुठे लावावे हे अजून कोणाला नीटसे ठरवता आलेले नाही, म्हणून वही टिकून आहे. दुसरीला पूजा म्हणावे की नाही याबद्दल मतभेद होतील. ती आमच्या घरातल्या दूरदर्शनसंचावर दिसते. मुंबईच्या शेअरबाजारात दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात. ही चाल १९५७ सालापासूनची. तासाभराचा मामला. कोणी शकुन म्हणून पाचदहा शेअर घेतो आणि पेढा खाऊन घरी जातो. वर्षानुवर्षे हा मुहूर्त संध्याकाळचा असे. २०२५ साली तो दुपारवर आणला, तेव्हा आमच्या आईने चष्मा सारखा करीत मला विचारले, "लक्ष्मी आता दुपारचीच येऊन राहिली का रे?"

आईचा प्रश्न भोळा वाटेल, पण तसा तो नाही. तिच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, बारा छापील कागद आहेत. त्यांची हकीकत पुढे येईलच. परंतु त्या कागदांपाशी पोचायचे तर आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे, एका वडाच्या झाडाखाली जाऊन बसले पाहिजे.

मुंबईच्या टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे, १८५० च्या सुमाराला काही दलाल वडाखाली जमत. ना कचेरी, ना फलक, ना घंटा. हातात चिटोरे, तोंडात भाव आणि शब्दाला किंमत. ही माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पुढे १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला पोचेना. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसू लागल्या आणि सगळ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी हिंगणघाट हे नाव केवळ रेल्वेच्या फलकावर वाचले असेल. त्या काळी ते नाव लिव्हरपूलच्या बाजारात माहीत होते. वर्धेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचा तो कापूस. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली आली. म्हणजे तेजीच्या ऐन दिवसांत तो सगळा माल बैलगाड्यांनी, धूळ आणि चिखल तुडवीत, दूरच्या रेल्वेफाट्यापर्यंत जात होता. ज्या शेतकऱ्याने तो पिकवला त्याला अमेरिका कुठे आहे याचा पत्ता नव्हता. पण त्या चार वर्षांत मुंबईकडे जो पैसा वाहिला त्याचा आकडा आठ कोटी पौंडांच्या घरात सांगतात. अचानक आलेला पैसा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मुंबईकरांनी बँका काढल्या, कंपन्या काढल्या, आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना काढल्या. बॅक बे रेक्लमेशन नावाच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. अजून समुद्रात मातीची एक पाटी नीट पडली नव्हती, तोच ही गत! वकील, वैद्य, कारकून, घरमालक, सगळे त्या वडाखाली येऊ लागले. प्रेमचंद रायचंद हा त्या साऱ्यांचा राजा.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. पुढच्या देण्याघेण्याचे वायदे १ जुलै १८६५ या तारखेचे होते. त्या दिवशी मुंबईत ज्याच्याकडून घ्यायचे तोही बुडालेला आणि ज्याला द्यायचे तोही बुडालेला. बँक ऑफ बॉम्बेचे पुढे दिवाळे वाजले. प्रेमचंद रायचंदाचेही सर्वस्व गेले. पण त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून एक मनोरा उभा राहिला, तो १८७८ साली पुरा झाला आणि त्याला त्याच्या आईचे, राजाबाईचे, नाव मिळाले. मुंबईच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या कित्येक पिढ्या त्या घड्याळाकडे पाहून धावत गेल्या. तेजीतून दुसरे काय उरले कोण जाणे. एक घड्याळ तेवढे उरले.

वेळेचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबईने आपली जुनी वेळ, जी प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती, ती पुढे कित्येक दशके सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा! उशिरा आलेल्या कारकुनाला एवढी मोठी सोय सरकारने पुन्हा कधी करून दिली नाही.

वडाखालच्या दलालांनी ठेच खाऊन दहा वर्षांनी, १८७५ साली, आपली रीतसर संस्था काढली. प्रवेश फी एक रुपया. ज्या गल्लीत ते बसू लागले तिला लोक दलाल स्ट्रीट म्हणू लागले. आज तिथे उंच इमारत आहे. वडाखाली सुरू झालेला तो ओरडा मात्र १९९५ पर्यंत चालू होता. त्या वर्षी संगणक आले आणि बाजार मुका झाला.

आता याच १८६५ सालाकडे आमच्या बाजूने पाहू. मुंबईत शेअर कोसळले त्याच वर्षी सरकारने हिंदुस्थानातला पहिला वनकायदा केला. चांदा जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा अकराच वर्षे झाली होती. आगगाडीच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते, आणि लाकूड आमच्याकडे होते. ज्या रानात गोंड मंडळी मोहफुले वेचीत, तेंदूची पाने तोडीत आणि कुऱ्हाडीपुरते लाकूड आणीत, त्या रानाला चौकीदार, नकाशे, वहिवाटीच्या याद्या आणि हातोड्याचे शिक्के आले. म्हणजे कचेरी आली. आमच्या भागात कचेरी अशी झाडाच्या पाठोपाठ आली आहे. बंदोबस्त, जमाबंदी, दप्तर, बारनिशी, शेरा, हे शब्द आमच्या माणसाने पाठ केले ते शाळेत नव्हे, तहसिलीच्या ओट्यावर उकिडवे बसून.

नागपूरची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मुंबईच्या त्या कोसळण्यात जमशेटजी टाटांच्या घरालाही धक्का बसला होता; ते स्वतः तेव्हा विलायतेत होते. पुढे त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. जागा पाणथळ होती, तिच्यात भर घालावी लागत होती. त्यांच्या चरित्रात असे सांगितले आहे की नागपूरच्या एका सावकाराने, जो माणूस जमिनीत सोने पुरतो त्याला मी पैसे देणार नाही असे म्हणून भांडवल नाकारले. पुढे गिरणी नावारूपाला आली तेव्हा त्यानेच कबूल केले, की या गृहस्थाने जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले. मुंबईवाल्यांनीही समुद्रात मातीच घालायची म्हटली होती. फरक एवढाच, की एकाने माती खरोखर घातली. याच गिरणीने १९०१ साली आपल्या कामगारांसाठी प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. ती गिरणी आज नाही, पण पगारातून दरमहा चार रुपये कापून म्हातारपणासाठी ठेवायचे ही कल्पना कारकुनाच्या रक्तात जी शिरली ती शिरली.

आमचे बाबा असेच एक कारकून. मूल येथल्या एका सरकारी कचेरीत आवकजावक त्यांच्याकडे होती. दिवसभर कागद यायचे, त्यांना क्रमांक द्यायचा, तारीख घालायची, कोणाकडून आला ते लिहायचे, विषय लिहायचा आणि शेवटी शेरा. बाबा घरीही असेच बोलत. मी पडून गुडघा फोडून आलो तरी त्यांचा पहिला प्रश्न, "कोणाकडून आलास? विषय काय?" कचेरीत त्यांना सगळे 'बाबूजी' म्हणत. खेड्यातून आलेला एखादा म्हातारा दाराशी उभा राहून "बाबूजी, माहा कागद निंगाला का जी?" असे विचारी, तेव्हा ते खुर्चीवरून उठून रजिस्टर त्याच्यापुढे धरीत. म्हाताऱ्याला वाचता येत नसे. पण आपला कागद कुठल्या ओळीत आहे ते बोटाने दाखवले म्हणजे त्याचे समाधान होई. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून सरकारी कारकुनावर सरसकट लिहिलेले विनोद मला पुरते पचत नाहीत. चिं. वि. जोशींचा चिमणराव मात्र पचतो. तो लिहिणाऱ्याने कारकुनाला हसताना त्याचा हात धरलेला आहे. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभा केला. लोक अजून त्याची आठवण काढतात.

दूरदर्शन आपल्या देशात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोग म्हणून सुरू झाले. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ ला आले, आणि रंग आले १९८२ साली. १९८४ च्या सुमाराला देशभर लहान लहान प्रक्षेपक उभे राहिले आणि आमच्यासारख्या गावांच्या छपरांवर बांबू दिसू लागले. अँटेनाला लोखंडी नळ विकत घेणारे घर आमच्या आळीत नव्हते. बांबू आमच्याकडे मुबलक, तो एका टोकाला चंद्रपूरच्या दिशेने वळवायचा आणि खालून विचारायचे, "दिसते का?" वरचा माणूस, ज्याला काहीच दिसत नसे, तो ओरडे, "तूच सांग ना बे!"

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झाले. संच होता तो आमच्यापासून चौथ्या घरी. मी तेव्हा पाचसहा वर्षांचा. दारात चपलांचा ढीग, आत अगरबत्ती, आणि ज्या घरात एरवी आम्हा मुलांना ओट्यावरही बसू देत नसत तिथे मधल्या खोलीत बसायला मिळे. रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला गावात कुत्रे फिरत नसे. त्या संचाने झाडीपट्टीची नाटके मारली असे पुष्कळ जण तेव्हा म्हणत होते. तसे झाले नाही. दिवाळीनंतर धान निघाले, शंकरपट भरले, की देसाईगंज-वडशाकडच्या मंडळ्या अजून निघतात आणि हजार हजार माणसे रात्रभर मंडपात थंडीत बसून नाटक पाहतात. दूरदर्शनने नाटक मारले नाही. त्याने दुसरेच काही केले. त्याने आमच्या घरात जाहिरात आणली.

आमच्याकडे संच आला १९९१ साली, कृष्णधवल, जुना. पुढल्याच वर्षी, १९९२ च्या एप्रिलात, हर्षद मेहताचे प्रकरण फुटले. निर्देशांक चार हजारांवर चढून गडगडला. बाबा बातम्या पाहत आणि मान हलवीत. "शेअर म्हणजे सट्टा," ते म्हणत. "हातात काय येते? कागद. कागद तर मी रोज शंभर पाहतो." बाबांचे एवढे पक्के मत होते. म्हणून पुढची गोष्ट घडली तेव्हा तिला शेअर असे नाव नव्हते. तिला नाव होते साग.

१९९३-९४ च्या सुमाराला देशभर वृक्षलागवडीच्या कंपन्यांचे पीक आले होते. पैसे तुम्ही द्यायचे, झाड कंपनी लावणार, वाढवणार, वीस वर्षांनी तोडून विकणार आणि रक्कम तुमच्या घरी पोचवणार. दूरदर्शनवर आणि वर्तमानपत्रांत हिरव्यागार रांगा दिसत. त्यातल्या एका कंपनीच्या (नाव घेण्यात आता अर्थ नाही) बारा झाडांसाठी बाबांनी १९९४ च्या दिवाळीत बारा हजार रुपये भरले. घरदुरुस्ती असे कारण लिहून ते फंडातून काढले. अर्जावर त्यांनी स्वतःच आवक क्रमांक घातला. ज्या जिल्ह्याचा साग देशभर प्रसिद्ध आहे, ज्याच्या लाकडाचे दरवाजे पुढे अयोध्येच्या मंदिराला लागले, त्या जिल्ह्यातल्या माणसाने दूरदर्शनवर पाहून साग विकत घ्यावा! आमच्याकडे काम करायला येणारे एक आजोबा होते, सारा जन्म रानात गेलेले. ते कागद उलटासुलटा करून म्हणाले, "बाबूजी, साग वीस सालात होत नाही जी. पोरगा लावते, नातू तोडते." बाबा म्हणाले, "ते सुधारित रोप आहे."

पण बाबा कारकून होते. नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हते. १९९५ च्या पावसाळ्यात त्यांनी रोपवाटिकेतून सागाचे एक रोप आणले आणि परसात विहिरीच्या बाजूला लावले. "कंपनीचे झाड किती वाढले ते इथे बसून कळेल," ते म्हणाले. बाद झालेले एक आवक-रजिस्टर त्यांच्याकडे होते. दर पाडव्याला आईच्या शिवणाच्या टेपने ते त्या झाडाचा घेर मोजीत आणि रजिस्टरात लिहीत. क्रमांक, तारीख. 'कोणाकडून' या रकान्यात 'परस'. 'विषय' या रकान्यात 'घेर'. मुंबईत त्याच वर्षी संगणकावर भाव धावू लागले होते. आमचा भाव वर्षातून एकदा लागे.

१९९७ साली सरकारने ठरवले की असल्या योजनांवर सेबीची देखरेख असावी. १९९९ साली त्याचे नियम आले. त्या काळात अशा कंपन्या एकामागून एक नाहीशा झाल्या. आमच्या कंपनीला पाठवलेली पत्रे 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत येऊ लागली. बाबांनी तीही पत्रे आवक केली.

मी त्याच सुमारास मॅट्रिक झालो होतो. चंद्रपूरला खोली घेऊन कॉलेजात जायचे ठरले होते, ते राहिले. त्यासाठीच ते बारा हजार होते असे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले. बाबांनी कधी सांगितले नाही, मी कधी विचारले नाही. गावातल्या एका खासगी शाळेत लहान वर्गांना शिकवू लागलो, आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. तेव्हा राग होता. आज, वडाखालच्या त्या गर्दीबद्दल वाचताना, माझ्या मनात पुन्हा पुन्हा येते की १८६५ च्या त्या कारकुनांचीही घरे असतील, मुले असतील. इतिहासाच्या पुस्तकात प्रेमचंद रायचंदाचे नाव आहे. वडाखाली मागच्या रांगेत उभे राहून एक शेअर घेणाऱ्याचे नाही.

वीस वर्षे पुरी झाली २०१४ साली. त्या पाडव्याला बाबांनी पेटीतून बारा कागद काढले, चष्मा लावून मुदतीची तारीख वाचली, आणि पुन्हा जसेच्या तसे घडी घालून ठेवले. मग टेप घेऊन परसात गेले. रजिस्टरात त्या दिवशीचा घेर आहे ६७ सेंटिमीटर. शेरा कोराच आहे. शेवटची नोंद २०१८ ची. २०१९ च्या उन्हाळ्यात बाबा गेले.

आमच्या बाजूची एक खरीखुरी तेजीही सांगून टाकतो, म्हणजे हिशेब एकांगी राहायचा नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमाराला त्यांना आपल्या शेतात धानाच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला त्याला त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव मिळाले, एचएमटी. आमच्या मूलच्या गिरण्यांतून आज पोती भरून जातात ती त्याचीच. दादाजी २०१८ साली वारले, आणि श्रीमंत होऊन वारले नाहीत. कचेरीतल्या घड्याळाचे नाव शेतातल्या दाण्याला मिळाले याची मला मोठी मौज वाटते, आणि त्या दाण्यावर वायदे करणारे कोण कुठे बसले असतील याचा विचार केला की मौज थोडी कमी होते.

आता भाच्याविषयी. माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांपूर्वी एका कचेरीत कारकून म्हणून लागला. मुलगा गुणी आहे. त्याच्या टेबलावर आवकजावक संगणकात होते, आणि टेबलाच्या खाली, मांडीवर, मोबाइलमध्ये बाजार चालू असतो. शेअर नव्हे, ऑप्शन. सकाळी घेतले, दुपारी विकले. शनिवार-रविवार त्याला जड जातात; राज्य सरकारने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा असे दुःख होणारा कारकून जन्माला येईल असे कोणाला वाटले असेल? मी त्याला सेबीनेच २०२४ साली प्रसिद्ध केलेला आकडा दाखवला. आधीच्या तीन वर्षांत या खेळात उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी शंभरातले त्र्याण्णव तोट्यात गेले. तो म्हणाला, "मामा, सात तर नाही गेले ना." या उत्तरावर मला, पंचवीस वर्षे मास्तरकी करूनही, काही सुचले नाही.

त्याला पतसंस्थेतून दोन लाखांचे कर्ज हवे आहे. कारण लिहिले आहे, घरदुरुस्ती. जामीन म्हणून माझी सही पाहिजे.

सही करतो असेही मी म्हणालो नाही, करीत नाही असेही नाही. यंदा पोळ्याच्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला पेटीतले बारा कागद दाखवणार होतो. आईने डोळ्यांनी नको म्हटले. मग मी बाबांचे रजिस्टर काढून त्याच्या हातात दिले. तो बराच वेळ पाने उलटीत बसला. सात वर्षांची जागा कोरी होती. आई म्हणाली, "मोजा बापा, पोळा असला म्हणून का झालं."

पाऊस नुकताच थांबला होता. खोड ओले होते. मध्यंतरी एकाने हे झाड विकत मागितले होते; पण साग, तो परसातला असला तरी, १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि परवानगीचा अर्ज कचेरीत आवक करावा लागतो. आईने तो करू दिला नाही. भाच्याने टेप धरला, मी आकडा वाचला. ८९ सेंटिमीटर. त्याने खिशातले पेन काढून ओळीने सगळे रकाने भरले, अगदी आजोबांसारखे, आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबून मला विचारले,

"मामा, शेऱ्यात काय लिहू?"